सांगाडा एक, चाली दोन: गेममधल्या बाईचं ‘दुप्पट काम’

व्हिडिओ गेममध्ये बायका इतक्या कमी का, असं विचारलं की एक तांत्रिक उत्तर हमखास मिळतं: बाईचं पात्र घ्यायचं तर सगळं काम दुप्पट होतं. हे उत्तर सर्वांत जास्त गाजलं ते जून 2014 मध्ये. युबिसॉफ्ट या कंपनीच्या ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या गेममध्ये चौघांनी एकत्र खेळायची सोय होती आणि चारही पात्रं पुरुष होती. निर्मात्यांचं म्हणणं असं की ॲनिमेशन, आवाज, कपडे सगळंच दुप्पट करावं लागलं असतं. आठ हजारांहून जास्त ॲनिमेशनं नव्या सांगाड्यावर पुन्हा बनवावी लागली असती. त्याच मालिकेच्या तिसऱ्या भागाचे ॲनिमेशन दिग्दर्शक जोनाथन कूपर यांनी ट्विटरवर अंदाज दिला: हे काम एक-दोन दिवसांचं आहे.

एकाच कामाचे इतके वेगळे अंदाज का, हे कळायला पात्र हलतं कसं ते पाहावं लागतं.

गेममधल्या माणसाच्या आत सांध्यांचा सांगाडा असतो आणि त्यावर त्रिकोणांनी विणलेली कातडी, म्हणजे मेश. ॲनिमेशनच्या फाइलमध्ये चित्रं नसतात. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे साधारणपणे सेकंदाला तीस वेळा, कुठला सांधा त्याच्या वरच्या सांध्याच्या तुलनेत किती अंशांनी वळला आहे एवढीच नोंद असते. हाडं किती लांब, हे सांगाड्याच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. बंदिशीसारखंच हे. गायक काळी एकमध्ये गातो ती बंदिश गायिका काळी पाचमध्ये गाते. सरगम तीच राहते, बदलतो तो षड्ज. सांध्यांचे कोन म्हणजे सरगम, हाडांची लांबी म्हणजे षड्ज. म्हणून एका सांगाड्याची चाल दुसऱ्यावर चढवता येते. याला रिटार्गेटिंग म्हणतात, आणि ते हजारो फाइलींवर एकदम चालवता येतं. कूपर यांनी दिलेला दाखलाही नेमका आहे: त्याच मालिकेतल्या 2012 च्या ‘लिबरेशन’ची नायिका ॲव्हेलिन ही तिसऱ्या भागातल्या कॉनर या नायकाची जितकी ॲनिमेशनं वापरते, तितकी पुढच्या भागातला एडवर्ड हा पुरुषही वापरत नाही.

मात्र कंबरेचा सांधा याला अपवाद. बाकी सांध्यांचे फक्त कोन नोंदवतात, कंबरेची जागाही नोंदवावी लागते. समजा मूळ पात्राची मांडी 45 सेंमी आणि नडगी 43 सेंमी, आणि नवं पात्र 0.92 पट आहे. तिचा पाय सरळ केला तरी 81 सेंमीच भरतो. मूळ चालीत कंबर घोट्यापेक्षा 84 सेंमी उंच असेल आणि तोच आकडा तसाच उचलला, तर बाई जमिनीच्या तीन सेंमी वर तरंगत चालते. म्हणून कंबरेची उंचीही 0.92 ने गुणायची: 77.3. पाय टेकले, पण आता 70 सेंमीचं पाऊल 64.4 चं झालं. गेमने तिला जुन्याच वेगाने पुढे ढकललं तर दर पावलाला पाय 5.6 सेंमी घसरतो. बर्फावरून चालल्यासारखं दिसतं ते यामुळेच. वेग कमी करावा, तर सोबतचे खेळाडू पुढे निघून जातात. म्हणून बहुधा पावलांची लय थोडी वाढवतात.

खरी गंमत हातापायांची टोकं ठरलेल्या जागीच पोचवायची असतात तेव्हा. भिंतीची कड काही 0.92 पट होत नाही. तिथे उलटा हिशोब करतात, त्याला इन्व्हर्स कायनेमॅटिक्स म्हणतात. तळवा कुठे हवा ते आधी ठरवायचं आणि त्यावरून मधल्या सांध्याचा कोन काढायचा. दोन हाडं आणि टोकापर्यंतचं अंतर मिळून त्रिकोण होतो, आणि त्रिकोणाच्या तिन्ही बाजू माहीत असल्या की कोसाइनच्या नियमाने कोन मिळतो. आपल्या 41.4 आणि 39.6 सेंमीच्या पायात कंबर-घोटा अंतर 70 वरून 71 सेंमी झालं तर गुडघा जेमतेम तीन अंश उघडतो. तेच अंतर 80 वरून 81 झालं तर कोन 162 वरून थेट 180 वर जातो, एका सेंटिमीटरला अठरा अंश! पाय पूर्ण ताणला जायच्या बेतात असला की गुडघा झटका देतो तो या गणितामुळे. यावर उपाय म्हणजे कंबर एक-दोन सेंमी खाली ठेवायची, म्हणजे पाय कधी पूर्ण ताणलाच जात नाही. खांदे अरुंद झाल्यावर हात बरगड्यांत घुसतात, त्यासाठी दंडाला काही अंशांची कायमची दुरुस्ती देतात. दोन्ही हातांनी तलवार धरणं, चढणं, एकमेकांशी झोंबी अशी काही डझन ॲनिमेशनं माणसाला हाताने तपासावीच लागतात.

खरा खर्च वेगळीकडे असतो. नव्या मेशच्या प्रत्येक बिंदूवर कुठल्या हाडाचा किती भार ते ठरवावं लागतं (सहसा चार हाडांपर्यंत, सगळ्या भारांची बेरीज 1). कपडे नव्याने बेतावे लागतात. लांब केस खांद्यात शिरू नयेत म्हणून वेगळी टक्करतपासणी लागते. आणि आवाज तर खरोखरच दुप्पट. मराठी, हिंदी, फ्रेंच अशा भाषांत ‘आला’ आणि ‘आली’ वेगळे असल्यामुळे इतर पात्रांची वाक्यंही बदलतात.

सगळी चाल आयती चढवली तरी खटकतंच. ‘मास इफेक्ट’ या गेममालिकेत शेपर्ड हे मुख्य पात्र पुरुष किंवा स्त्री म्हणून निवडता येतं. तिच्या दुसऱ्या भागात स्त्री शेपर्ड आखूड झग्यातही पाय फाकवून बसते, कारण बसणं पुरुषासाठी बनवलेलं होतं. पण म्हणून प्रत्येक बाईला कंबर लचकवत चालवायचं, हेही विज्ञान नाही. सांध्यांवर लावलेले ठिपके तेवढे दाखवून चालणारी व्यक्ती स्त्री की पुरुष हे ओळखायला लावणारा प्रयोग कोझलोव्स्की आणि कटिंग यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केला. लोकांचे अंदाज नाणेफेकीपेक्षा बरे होते, पण चुकाही भरपूर होत्या. पडद्यावर दिसणारा तो लचका माणसाच्या चालीत तितका नसतो, तो ॲनिमेटरने वाढवलेला असतो. ‘बायकांचा मेंदूच गेमसाठी नाही’ असंही कधी ऐकू येतं, ते विधानही तितकंच निराधार आहे. अमेरिकेतल्या गेम-उद्योगाच्या संघटनेच्या 2014 च्या अहवालात 48 टक्के खेळाडू स्त्रिया होत्या.

नव्या सांगाड्याचं काम जिथे मनावर घेतलं तिथे ते झालंही. 2015 च्या ‘फिफा 16’ या फुटबॉलच्या गेममध्ये स्त्रियांचे बारा राष्ट्रीय संघ पहिल्यांदा आले. त्यासाठी शरीराच्या प्रमाणांनुसार वेगळा सांगाडा बांधला आणि ॲलेक्स मॉर्गन, मेगन रापिनो यांच्यासारख्या खेळाडूंच्या हालचाली मोशन कॅप्चरने, म्हणजे खऱ्या माणसाच्या हालचाली थेट नोंदवणाऱ्या तंत्राने, टिपल्या.

मग अडतं कुठे? ‘मास इफेक्ट’मध्ये 2007 पासून स्त्री शेपर्ड निवडता येत होती, पण पहिल्या दोन भागांच्या वेष्टनावर पुरुषच होता. 2011 मध्ये ती गेम बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं की 18 टक्के खेळाडू तिला निवडतात. असा आकडा मागणीचा पुरावा म्हणून वापरला जातो. पण वेष्टनावर, जाहिरातीत आणि सुरुवातीच्या पडद्यावर आधीच मांडून ठेवलेल्या पुरुषाला ओलांडून किती जण पुढे गेले, इतकंच तो मोजतो.

‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’ 2018 मध्ये आली. कॅसांड्रा ही बाई किंवा अलेक्सिओस हा पुरुष, यांतलं कुणीही निवडा. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने 2020 मध्ये दिलेल्या वृत्तानुसार, बनवणाऱ्यांचा मूळ प्रस्ताव एकट्या कॅसांड्राचा होता. मार्केटिंग विभागाकडून आणि वरिष्ठांकडून त्याला नकार आला. त्यामुळे नायकाची सगळी वाक्यं दोन कलावंतांच्या आवाजात, दोनदा ध्वनिमुद्रित झाली. दुप्पट काम तिथे खरंच झालं, आणि ते पुरुष घालण्यासाठी.