ओढ्याकाठची तोड आणि पाणकीटक : ३० मीटरचा आकडा आला कुठून

ओढ्याकाठच्या वृक्षतोडीचा विषय निघाला की काठाला ३० मीटर झाडोरा राखण्याची सूचना हमखास पुढे येते. या आकड्याचे मूळ सोलापूरच्या मुरमाड रानात नाही, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सूचिपर्णी जंगलात आहे. ओरेगनमध्ये १९५९ पासून तीन शेजारच्या ओढ्यांवर नोंदी ठेवल्या गेल्या. पुढे एकाचा काठ साफ केला, दुसऱ्याला काठच्या झाडांचा पट्टा राखून तुकड्यातुकड्यांनी तोड केली, तिसऱ्याला हात लावला नाही. तेव्हा लक्ष माशांवर होते. पाण्यातल्या कीटकांचा नंबर नंतर लागला.

तो लागला १९८० साली, उत्तर कॅलिफोर्नियातल्या तुलनेत. पट्टा नसलेल्या ओढ्यांत कीटकांची संख्या वाढली, पण विविधता घटली. ऊन पडल्याने शेवाळ माजले आणि त्यावर जगणाऱ्या मोजक्या जातींचे फावले. ३० मीटर किंवा अधिक पट्टा असलेले ओढे न तोडलेल्या ओढ्यांसारखेच निघाले. त्याहून अरुंद पट्ट्यांत परिणाम दिसले. म्हणजे ३० ही गट पाडण्याची रेघ होती. पुढे तीच नियम म्हणून मिरवू लागली. दोन्ही काठांना ३० मीटर धरले तर एका किलोमीटरला ६ हेक्टर, म्हणजे सुमारे १५ एकर रान जाते. ज्याची सगळी जमीनच ओढ्यालगत आहे त्याला हा हिशेब सांगून पाहावा!

शिवाय ते ओढे बहुधा बारमाही, थंड पाण्याचे. इथे सोलापूरकडे सप्टेंबरच्या पावसावर ओढा वाहतो आणि हिवाळ्यात डोहांपुरता उरतो. पाणकीटक मोजायला १९३७ पासून रूढ असलेली सर्बर जाळी, साधारण ३० बाय ३० सेंमी चौकटीची, वाहत्या पाण्यासाठीच आहे: चौकटीतले दगड चोळायचे, सुटलेले जीव धारेबरोबर जाळीत जातात. धार मंदावली की ते बाजूला निसटतात आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून सर्बर जाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, मोठा पूर ओसरून तीन-चार आठवडे गेल्यावर; डोहात हातजाळी. नमुने खालच्या अंगाकडून वर चढत घ्यावेत, नाहीतर पायांनी उठलेला गाळ पुढच्या नमुन्यात येतो. नमुने टिकवायला वापरलेले ७० टक्के अल्कोहोल दुसऱ्या दिवशी बदलावे, कारण नमुन्यातल्या पाण्याने ते पातळ होते.

खरी अडचण तुलनेची. तोडीआधीच्या आणि नंतरच्या नोंदी, त्याही तोडलेल्या आणि राखलेल्या अशा दोन्ही ओढ्यांवर, हे सूत्र १९७९ नंतर रुळले. इथे तोड बहुधा उन्हाळ्यात, ओढा कोरडा असताना होते, तेव्हा ‘आधीची’ नोंद आदल्या हंगामातच घ्यावी लागते. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार आल्यावर नाला खोलीकरण-रुंदीकरणात काठची बाभूळ आणि तळाचे गोटे एकदमच निघाले. अशा ठिकाणी कीटक घटल्याचे खापर तोडीवर फोडणे चूकच: कीटक सावली गेल्याने घटले की तळ गेल्याने, हे वेगळे करता येत नाही. निदान खोलीकरण झालेला पण काठ राखलेला एखादा ओढा तुलनेला हवा.