चाचणीत चाललेलं औषध आणि ओपीडीत चालणारं औषध

'हे औषध गुणकारी असल्याचं सिद्ध झालंय' असं म्हणताना दोन वेगळे दावे एकाच पिशवीत भरले जातात. निवडून घेतलेल्या रुग्णांना, कडक देखरेखीखाली दिल्यावर गुण आला, हा एक. ओपीडीत येणाऱ्या सरसकट रुग्णांना लिहून दिलं तरी तसाच गुण येईल, हा दुसरा. पहिला खरा ठरला म्हणून दुसरा खरा ठरत नाही. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय कमजोर होऊन रक्त नीट पंप होत नाही तेव्हा, दिल्या जाणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोन या गोळीच्या बाबतीत हे फार लख्ख दिसलं.

गोळी जुनीच, स्वस्तही. १९९९ मध्ये 'रेल्स' चाचणीचे निष्कर्ष आले. तीव्र हार्ट फेल्युअरचे १,६६३ रुग्ण होते. नेहमीच्या औषधांच्या जोडीला नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी मिळालेल्यांपैकी सरासरी दोन वर्षांत ४६ टक्के दगावले, स्पायरोनोलॅक्टोन मिळालेल्यांपैकी ३५ टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. डॉक्टरांनी गोळी लिहायला घेतली, आणि त्यात काही चूक नव्हती.

पण चाचणीत कोण होतं? सरासरी वय ६५. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कमजोर असली की हे वाढतं) २.५ च्या वर किंवा पोटॅशियम ५ च्या वर असेल त्याला घेतलंच नव्हतं. डोस दिवसाला साधारण २५ मिलिग्रॅम, आणि पहिले तीन महिने दर चार आठवड्यांनी रक्ततपासणी. एवढी काळजी कशाला, तर ही गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल ही बीपी-हृदयाची औषधंही तेच करतात, आणि या रुग्णांना ती बहुधा चालूच असतात. त्यात किडनी कमजोर असली की पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, कधी जिवावर बेतेल इतके.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात नेमकं हेच घडलं. हार्ट फेल्युअरच्या वयस्कर रुग्णांत पोटॅशियम वाढल्यामुळे ॲडमिट व्हावं लागण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ वर गेलं. मृत्यूही वाढले. हे रुग्ण चाचणीतल्यांपेक्षा बरेच म्हातारे होते. माझ्या मते इथे औषध फसलं नाही. चाचणीत गोळी आणि रक्ततपासणी अशी जोडी होती, त्यातली गोळी तेवढी उचलली गेली. स्कॉटलंडच्या टेसाइड भागातही रेल्सनंतर ही गोळी भरपूर लिहिली गेली, पण पोटॅशियमवर नीट लक्ष होतं, त्यामुळे तिथे अशी वाढ दिसली नाही.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते. आजाऱ्याला भेटायला येणारे शहाळी घेऊन येतात, आणि बीपीसाठी घरात 'लो सोडियम' मीठ आलेलं असतं. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर, आणि त्या मिठात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियमच असतं. चाचणीच्या कागदावर या दोन्हींचा हिशेब सापडणार नाही, तो रुग्णाला विचारूनच करावा लागतो. आणि डिस्चार्ज कार्डावर गोळीच्या नावापुढे पोटॅशियम-क्रिएटिनिनच्या पुढच्या तपासणीची तारीखही घालावी: पहिली आठवड्याभरात, दुसरी महिन्याने.