एका द्राक्षात किती वीज?

नाशिकची थंडी पडली की पहाटे घरात सगळ्यांच्या आधी गीझर जागा होतो. अशाच एका पहाटे मी जिन्याखालच्या मीटरपाशी जाऊन उभा राहिलो. त्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर लिहिलंय, एका युनिटला 3200 वेळा. घरात नुसता 75 वॅटचा पंखा चालू असेल, तर तो 15 सेकंदांनी एकदा लुकलुकतो. 2000 वॅटचा गीझर लावला की दोन सेकंदांत साडेतीन वेळा. मोजताना धांदल उडते!

पाणी तापवायला इतकी ऊर्जा का लागते, हे खाण्याच्या पाकिटावरच्या किलोकॅलरीतूनच कळतं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक किलोकॅलरी (बोलताना आपण तिलाच नुसती कॅलरी म्हणतो). 20 लिटरची बादली 15 अंशांवरून 40 वर न्यायची, तर 20 गुणिले 25, म्हणजे 500 किलोकॅलरी. 100 ग्रॅम बाजरीच्या पिठात साधारण 350 असतात. म्हणजे एका आंघोळीच्या पाण्यात जवळपास दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरींची ऊर्जा जाते.

विजेचं एक युनिट म्हणजे 860 किलोकॅलरी. दिवसाला 2000 किलोकॅलरी खाणारा माणूस चोवीस तास सव्वादोन-अडीच युनिटांत निभावतो. श्वास, हृदय, विचार, चालणं-बोलणं, सगळं त्यातच. सरासरी काढली तर 100 वॅटच्याही किंचित खाली. मला याचं राहून राहून नवल वाटतं.

उजेडाला फारसं काही लागत नाही. 9 वॅटचा एलईडी एका युनिटात 111 तास जळतो. खरा खर्च उष्णतेचा. त्यात एकलहऱ्यासारख्या औष्णिक केंद्रात कोळशातली जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा विजेत उतरते, बाकीची वाटेतच जाते. आधी कोळसा जाळून उष्णता, तिची वीज, आणि त्या विजेची पुन्हा उष्णता! गच्चीवर ऊन पडत असताना पाणी असं तापवणं मला पटत नाही. सोलर बसवणं जमत असेल, तर जरूर बसवावा.

आता द्राक्ष. 100 ग्रॅम द्राक्षांत सुमारे 70 किलोकॅलरी, म्हणजे पाच ग्रॅमच्या एका मण्यात साडेतीन. मीटरच्या भाषेत 13 वेळा लुकलुक. तेवढ्यावर पंखा सव्वातीन मिनिटं फिरेल, गीझर सात सेकंद.