क्षेत्रीय अभ्यास, उष्ण कटिबंधातील : सरपटणारे प्राणी, बेडूक आणि पक्षी

उष्ण कटिबंधातील जंगलांत आणि सॅव्हानांत, म्हणजे तुरळक झाडांच्या गवताळ माळांवर, राहणारे साप-सरडे, बेडूक आणि पक्षी त्यांच्या जागीच पाहून, मोजून आणि ऐकून केलेला अभ्यास. हे तीन गट पुष्कळदा एकत्र अभ्यासले जातात. एकाच पायवाटेवर पहाटे पक्षी, उन्हात सरडे आणि रात्री बेडूक व साप भेटतात. शिवाय साप बेडकांवर आणि पक्ष्यांच्या अंड्यांवर जगतात, तर कित्येक पक्षी सरड्यांवर. एका गटाची मोजणी दुसऱ्याला सोडून केली तर तिचा अर्थ अर्धाच लागतो.

या कामातला सर्वांत अवघड प्रश्न एकच आहे : प्राणी दिसला नाही, याचा अर्थ तो तिथे नाही, की आपण चुकीच्या वेळी चुकीच्या जागी पाहत होतो? पद्धतींचा सगळा विकास याच प्रश्नाभोवती झाला आहे.

बेडकांसाठी रात्री निघावे लागते, शक्यतो पाऊस नुकताच थांबलेला असताना. विजेरी डोळ्यांच्या रेषेत धरली की पानाआडच्या बेडकाचे डोळे चमकतात. कोळ्यांचेही चमकतात, पण ते बारीक कणीसारखे. काही रात्रींत फरक कळू लागतो. ॲनोलिस गटातले सरडे दिवसा सालीच्या रंगात मिसळून जातात, मात्र रात्री पानांवर आणि बारीक डहाळ्यांवर झोपलेले असताना उजेडात फिकट उठून दिसतात. दिवसभर न सापडलेला सरडा असा रात्री सहज सापडतो. वेळ, तापमान, जमिनीपासूनची उंची, पान की खोड, बेडूक ओरडत होता की गप्प होता, हे सगळे तिथल्या तिथे टिपायचे, आणि तेही पेन्सिलीने, कारण शाई पावसात पसरते. जागा आणि वेळ न लिहिलेली नोंद जवळजवळ निरुपयोगी असते.

जमिनीवरच्या लहान बेडकांसाठी आणि सरड्यांसाठी पालापाचोळ्याचा चौकोन आखतात. चारी बाजूंनी माणसे गुडघ्यांवर बसून एकेक पान उचलत आत सरकतात आणि निघालेला प्रत्येक प्राणी मोजतात. काम कंटाळवाणे, पण आकडा विश्वासाचा. जमिनीत पुरलेल्या बादल्या आणि त्यांच्याकडे नेणारी प्लॅस्टिकची बुटकी कुंपणे हा दुसरा मार्ग. बादल्या रोज पाहाव्याच लागतात, नाहीतर आत पडलेले जीव उन्हाने किंवा पाण्याने मरतात. दिवसा सरडा धरायला काठीच्या टोकाला दोऱ्याचा फास पुरतो. हात पाहून पळणारा सरडा डोक्याजवळ आलेल्या दोऱ्याकडे सहसा लक्ष देत नाही.

पक्ष्यांसाठी जंगलाच्या खालच्या थरात मिस्ट नेट लावतात : काळ्या बारीक धाग्याचे, साधारण १२ मीटर लांबीचे, सैल झोळ असलेले जाळे. ते सतत तपासत राहावे लागते. अडकलेला पक्षी सोडवताना तो कोणत्या बाजूने शिरला हे आधी पाहायचे, मग बहुधा पायांपासून सुरुवात करून धागे सोडवायचे. कापडी पिशवीत वजन, पट्टीवर पंखाची लांबी, नव्या पिसांची वाढ, पोटावर अंडी उबवण्याचा पिसे झडलेला भाग आहे का याची तपासणी, पायात क्रमांकाचे हलके कडे, आणि लगेच सुटका. जाळ्याची मर्यादाही मोठी आहे. शेंड्यांवरचे पक्षी त्यात जवळजवळ येतच नाहीत, आणि सॅव्हानात उन्हामुळे व वाऱ्यामुळे जाळे पक्ष्यांना दिसते. म्हणून उघड्या माळावर ठरलेल्या जागी ठरावीक मिनिटे उभे राहून दिसलेले व ऐकलेले पक्षी मोजणे अधिक बरे. जंगलात तर कानच डोळ्यांपेक्षा कामाचा असतो. आता महिनोन्महिने चालू ठेवता येणारी ध्वनिमुद्रण यंत्रेही झाडांवर टांगली जातात, पण कोणता आवाज कोणाचा हे आधी माणसाने रानात शिकलेले असावे लागते.

सॅव्हानातला अभ्यास ऋतूंना बांधलेला असतो. आयव्हरी कोस्टमधील लाम्टो येथे १९६२ मध्ये केंद्र सुरू झाले आणि गवताळ प्रदेशातील जीवसृष्टीची वर्षभराची मोजदाद तिथे झाली. कोरड्या ऋतूत वणवा येतो तेव्हा घारी आणि नीलपंखाच्या कुळातले पक्षी आगीच्या कडेने पळणारे कीटक टिपायला जमतात. टेमिंकचा धाविक हा पक्षी तर नुकत्याच जळलेल्या जमिनीवर अंडी घालतो. अंडी गडद रंगाची असल्याने राखेत लपून जातात. त्याच देशातल्या कोमोए राष्ट्रीय उद्यानात हायपरोलियस निटिड्युलस या नखाएवढ्या बेडकाचे निरीक्षण झाले आहे. इतर बेडूक जमिनीत दडी मारतात तेव्हा याची पिल्ले वाळक्या गवताच्या काडीवर, भर उन्हात, पाय अंगाशी घट्ट घेऊन आठवडेच्या आठवडे हलत नाहीत. त्यांची कातडी पांढरी पडते, तिच्यातील स्फटिक ऊन परतवतात आणि पाणी बाहेर जाणे अतिशय कमी होते. पावसाळ्यातच येणाऱ्या निरीक्षकाला यातले काहीच दिसणार नाही.

मादागास्करच्या कोरड्या नैऋत्य भागातला फर्सिफर लाबोर्डी हा सरडा याहून बोलके उदाहरण आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तो आयुष्याचे आठ-नऊ महिने अंड्यातच काढतो. नोव्हेंबरमध्ये पावसाबरोबर सगळी पिल्ले बाहेर येतात, वाढतात, जोडी जमवतात आणि चार-पाच महिन्यांत मरतात. कोरड्या ऋतूत मोजणी केली तर मोठ्या सरड्यांची संख्या शून्य भरेल, आणि जात मात्र जमिनीखाली सुखरूप असेल.

वागणुकीच्या अभ्यासात पनामातील टुंगारा बेडकाला वेगळे स्थान आहे. नर आधी घसरत जाणारा लांब सूर काढतो आणि इतर नर स्पर्धेला असले की शेवटी ‘चक्’ असा तुटक आवाज जोडतो. माद्यांना हा जोड अधिक आवडतो. तोच आवाज ट्रॅकॉप्स सिर्होसस या बेडूक खाणाऱ्या वटवाघळालाही बोलावतो, हे मर्लिन टटल आणि मायकेल रायन यांनी १९८१ मध्ये ध्वनिमुद्रित हाका ऐकवून दाखवले. मादीही तीच हाक ऐकते आणि मृत्यूही. हे काम बॅरो कोलोरॅडो बेटावर झाले. पनामा कालव्यासाठी पाणी अडवल्यावर एक डोंगरमाथा बेट होऊन उरला आणि १९२३ पासून तो संशोधनासाठी राखला गेला. लष्करी मुंग्यांच्या फौजेमागे फिरून, तिच्यापुढून पळणारे कीटक टिपणाऱ्या पक्ष्यांचा एडविन विलिस यांनी तिथे अनेक वर्षे पाठलाग केला. जंगल जागेवर असूनही त्यांतला ऑसेलेटेड अँटबर्ड बेटावरून नाहीसा झाला.

रानाजवळ राहणाऱ्यांचे ज्ञान या शास्त्रात पुष्कळदा तळटीपेत ढकलले गेले, आणि ते चूक होते. मोझांबिकमधील याओ समाजाचे मध गोळा करणारे लोक एक विशिष्ट हाक घालून मधुमार्गदर्शक पक्ष्याला, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याची वाट दाखवणाऱ्या पक्ष्याला, बोलावतात. २०१६ मध्ये क्लेअर स्पॉटिसवूड आणि सहकाऱ्यांनी ती हाक सॅव्हानात तपासली, तेव्हा पक्ष्याने वाट दाखवण्याची शक्यता ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेली. याओ लोकांना हे पूर्वीपासून ठाऊक होते.

वर्षानुवर्षे एकाच जागी केलेल्या मोजणीची किंमत ऱ्हासाच्या काळात कळली. कोस्टारिकातील मॉन्टेव्हर्दे येथे सोनेरी भेक १९८७ मध्ये दीड हजाराच्या आसपास दिसले, पुढच्या वर्षी बोटांवर मोजण्याइतके, आणि १९८९ मध्ये एकच नर. त्यानंतर एकही नाही. त्याच देशातील ला सेल्व्हा केंद्रावर ३५ वर्षांच्या नोंदींतून जमिनीवरचे बेडूक सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आणि सरड्यांचीही तीच गत झाल्याचे २००७ मध्ये पुढे आले. ही घट राखीव, जुन्या जंगलातली. शेजारच्या सोडून दिलेल्या कोकोच्या बागांत ती नव्हती. म्हणून संशय जंगलातला पालापाचोळा कमी होण्यावर आला. ब्राझीलमधील मनाउसजवळच्या जंगलात ४० वर्षांत पकडलेल्या १५ हजारांहून अधिक पक्ष्यांच्या मोजमापांतून ७७ जातींपैकी जवळजवळ सगळ्यांचे सरासरी वजन घटल्याचे २०२१ मध्ये दिसले.

बेडकांच्या ऱ्हासात कायट्रिड या बुरशीचा मोठा वाटा आहे. तिची ओळख १९९९ मध्ये पटली. तेव्हापासून अभ्यासकांच्या सवयीही बदलल्या : दर बेडकामागे नवा हातमोजा, एका ओढ्यातून दुसऱ्यात जाताना बूट निर्जंतुक करणे. ओळखीसाठी बोटाचे टोक कापण्याच्या जुन्या रीतीवर आक्षेप आले आणि शक्य तिथे कातडीवरच्या ठिपक्यांची छायाचित्रे किंवा कातडीखाली सोडलेला रंगीत ठिपका वापरला जाऊ लागला. अभ्यास करणाऱ्यानेच रोग पसरवू नये, ही किमान अपेक्षा आहे.

पनामातील एल कोपे येथे ही बुरशी २००४ च्या अखेरीस पोचली. तिथे आधीची सात वर्षे रात्री पायवाटा चालून बेडकांबरोबर सापांचीही नोंद ठेवली जात होती आणि नंतरही सहा वर्षे ठेवली गेली. साप इतके क्वचित दिसतात की कित्येक जातींच्या नोंदी एक-दोनच होत्या. एकेका जातीबद्दल काही सांगणे शक्य नव्हते. सगळ्या जातींच्या नोंदी एकत्र तपासल्यावर मात्र २०२० मध्ये स्पष्ट झाले की बेडूक गेल्यानंतर सापांच्या जातींची संख्या कमी झाली होती आणि उरलेल्यांपैकी काही जातींचे साप हडकले होते.