मेटल गिअर सॉलिड : खेळ आणि त्याची पुनर्भेट

मेटल गिअर सॉलिड : कोनामी या जपानी कंपनीने १९९८ साली सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलसाठी (टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी) काढलेला हेरगिरीचा व्हिडिओ गेम. दिग्दर्शक हिदेओ कोजिमा. जपानमध्ये तो ३ सप्टेंबर १९९८ रोजी आला, अमेरिकेत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आणि युरोपात १९९९ च्या फेब्रुवारीत. शत्रूला टिपण्यापेक्षा त्याच्या नजरेस न पडता पुढे सरकणे हेच ज्यांत मुख्य कौशल्य असते, अशा खेळांना ‘स्टेल्थ गेम’ म्हणतात. टेन्चू आणि थीफ हे या प्रकारातले आणखी दोन नावाजलेले खेळही १९९८ चेच. तरी ‘लपत जाण्याचा खेळ’ म्हटले की बहुतेकांना आधी आठवतो तो मेटल गिअर सॉलिड, आणि पहारेकऱ्याच्या डोक्यावर ठणकन उमटणारे ते लाल उद्गारचिन्ह.

जुना खेळ वर्षांनी पुन्हा काढून खेळणे ही आता खेळाडूंमधली रुळलेली सवय आहे. त्यासाठी बहुतेक खेळांना नवे यंत्र आणि जुनी आठवण एवढे पुरते. या खेळाचे तसे होत नाही. त्याने आपली काही कोडी पडद्याबाहेर, खेळाडूच्या खोलीतल्या वस्तूंत लपवली होती, आणि त्या वस्तू मधल्या काळात घरांतून नाहीशा झाल्या.

कथा घडते २००५ सालच्या फेब्रुवारीत, अलास्काजवळच्या शॅडो मोझेस या कल्पित बेटावर. तेथील अण्वस्त्रे मोडीत काढण्याचे केंद्र फॉक्सहाउंड ही अमेरिकेचीच विशेष तुकडी बंड करून ताब्यात घेते. बिग बॉस या मृत सेनानीचे अवशेष द्या, नाहीतर २४ तासांत अणुहल्ला करू, अशी त्यांची धमकी असते. निवृत्त हेर सॉलिड स्नेक याला बर्फाळ पाण्यातून एकट्याने आत पाठवले जाते. बंडखोरांच्या हाती मेटल गिअर रेक्स हे पायांवर चालणारे अण्वस्त्रवाहक यंत्र आहे हे त्याला आत गेल्यावर कळते. बंडाचा म्होरक्या लिक्विड स्नेक हा त्याचा जनुकीय जुळा निघतो. एकाला ‘प्रभावी’ आणि दुसऱ्याला ‘अप्रभावी’ जनुके मिळाली, म्हणून एक श्रेष्ठ आणि दुसरा टाकाऊ, यावर लिक्विडचा सगळा संताप उभा आहे. शाळेतले जीवशास्त्र आठवणाऱ्या कोणालाही यात खोट दिसेल : अप्रभावी जनुक म्हणजे निकृष्ट जनुक नव्हे. मानवी जनुकसंचाचा नकाशा तयार होत असतानाच्या काळातली ही कथा आहे, आणि त्या काळी जनुकांविषयी वाटणारी धास्ती तिच्यात जशीच्या तशी उतरली आहे.

खेळाची मांडणी साधी आहे. कॅमेरा बहुतांशी वरून पाहतो. उजव्या कोपऱ्यातल्या रडारवर पहारेकरी ठिपक्यांसारखे दिसतात आणि त्यांची नजर कुठवर पोचते ते पंख्याच्या आकाराने दाखवले जाते. भिंतीला पाठ लावून कोपऱ्यापलीकडे डोकावता येते, भिंतीवर टकटक करून पहारेकऱ्याला जागेवरून हलवता येते, पुठ्ठ्याच्या खोक्याखाली दडून बसता येते. बर्फावर पावलांचे ठसे उमटतात आणि पहारेकरी ते पाहून माग काढतात. सिगारेट ओढली तर जीव हळूहळू घटतो, पण धुरात एरवी न दिसणारे लेझरचे किरण दिसू लागतात. एकदा का दिसलात की रडार बंद पडते आणि कुमक धावून येते. मग दडी मारून घड्याळाचा आकडा शून्यावर येण्याची वाट पाहायची. लपंडावात राज्य घेणारा पाठ फिरवतो तेव्हाचा जो सुटकेचा श्वास, तोच इथे पुन्हा पुन्हा घ्यायला मिळतो.

या लपण्याचे मूळ एका तांत्रिक अडचणीत आहे. कोजिमा १९८६ साली कोनामीत दाखल झाले आणि त्यांच्याकडे एमएसएक्स२ या घरगुती संगणकासाठी युद्धखेळ करण्याचे काम आले. त्या यंत्राला पडद्यावर एका वेळी फार शत्रू आणि गोळ्या झेपत नसत. लढाई दाखवता येत नसेल तर लढाई टाळण्याचाच खेळ करावा, या विचारातून १९८७ चा मेटल गिअर जन्मला. १९९० साली त्याच यंत्रावर आलेल्या दुसऱ्या भागात रडार, पहारेकऱ्यांच्या नजरेचा टप्पा, सरपटणे ही सगळी सामग्री आली. १९९८ च्या खेळातले कितीतरी प्रसंग त्या दुसऱ्या भागातूनच उचललेले आहेत : तापमानाप्रमाणे आकार बदलणारी किल्ली, मनोऱ्याच्या जिन्यावरचा पाठलाग, लिफ्टमधला घात, हिंड हेलिकॉप्टरशी झुंज, वेषांतर केलेल्या स्त्रीला प्रसाधनगृहापर्यंत गाठून ओळखणे. दुसरा भाग त्या काळी जपानबाहेर निघालाच नव्हता. त्यामुळे बाहेरच्या खेळाडूंना जे नवेकोरे वाटले, ते जपानी खेळाडूंपैकी अनेकांनी आठ वर्षांपूर्वी खेळलेले होते. म्हणजे हा खेळ मुळातच एका जुन्या खेळाची पुनर्भेट होता, फक्त ते फार थोड्यांना माहीत होते.

पडद्याबाहेरच्या कोड्यांपैकी पहिले कोडे खोक्याचे. मेरिल या तरुण सैनिक मुलीशी रेडिओवर बोलायला तिची कंपनसंख्या लागते. ती ‘सीडीच्या खोक्याच्या पाठीमागे आहे’ असे स्नेकला सांगितले जाते. त्याच सुमारास खेळातल्या एका पात्राने स्नेकच्या हाती एक डिस्कही दिलेली असते, म्हणून खेळाडू सामानाच्या यादीत ती डिस्क उलटसुलट करून पाहत बसत. खरे खोके होते ते खेळाडूच्या टेबलावरचे. त्याच्या मागच्या बाजूच्या एका छोट्या चित्रात १४०.१५ हा आकडा छापलेला होता. ज्यांनी खेळ भाड्याने आणला होता किंवा खोक्याविना मित्राकडून घेतला होता, ते तिथेच अडकत. डिजिटल आवृत्तीत खोकेच नाही. तिथे आकडा सोबतच्या पुस्तिकेत किंवा चित्रांत शोधायचा, आणि बहुतेक जण तेवढाही त्रास न घेता तो इंटरनेटवर पाहतात. खेळ पुढे सरकतो, पण हातातली वस्तू उलटी करून पाहताना उडालेली ती चकित धांदल परत येत नाही.

दुसरे कोडे सायको मँटिसचे. मनातले वाचू शकतो असा दावा करणारा हा मुखवटाधारी शत्रू खेळाडूचे मेमरी कार्ड, म्हणजे खेळांच्या नोंदी साठवण्याचे कार्ड, वाचतो. त्यावर कोनामीच्या इतर खेळांच्या नोंदी असल्या तर त्यांची नावे घेतो. तुम्ही किती वेळा खेळ साठवून ठेवला यावरून सावध आहात की बेफिकीर, तेही सांगतो. मग कंट्रोलर जमिनीवर ठेवायला लावतो आणि आपल्या शक्तीने तो हलवून दाखवतो. कंट्रोलरमधली कंपनाची मोटर ते काम करते. मधेच पडदा काळा होऊन कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत ‘हिदेओ’ असे झळकते. त्या काळच्या टीव्हीवर कन्सोलची वायर निसटली की तसल्याच हिरव्या अक्षरांत ‘व्हिडिओ’ असे येई, त्यामुळे भले भले टीव्हीमागच्या वायरी तपासायला उठत. लढाईत मात्र तो प्रत्येक हल्ला आधीच ओळखतो. त्यावर तोड एकच : कंट्रोलर पहिल्या खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत घालायचा, की त्याला ‘मन’ वाचता येईनासे होते. हे ज्याने कोणाच्या सांगण्यावाचून शोधले असेल त्याला सलाम करावा; बाकीच्यांना रेडिओवरून स्नेकला सूचना देणारा कर्नल कॅम्पबेल हळूहळू इशारे देतो.

खेळाडूच्या शरीरालाही खेळाने सोडलेले नाही. बंडखोरांपैकी रिव्हॉल्व्हर ऑसेलॉट स्नेकला विजेचे झटके देतो तेव्हा जीव टिकवायला एकच बटण झपाझप दाबत राहावे लागते. इथे मेलात तर पुढे चालू ठेवण्याची सोय नाही आणि बटण आपोआप दाबणारे कंट्रोलर वापरू नका, हे तो खेळाडूला उद्देशूनच बजावतो. अंगठा दुखून हार मानली तर मेरिल मरते आणि खेळाचा शेवट बदलतो. नंतर डॉक्टर नाओमी रेडिओवरून कंट्रोलर दंडाला लावायला सांगते आणि कंपनाने हात चोळून देते. छळाचा प्रसंग इतक्या बारकाईने खेळाडूच्या स्नायूंपर्यंत पोचवणारे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

नव्या यंत्रांवर या गोष्टींचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक पुनर्प्रकाशनाला पडला आहे. २००० साली हा खेळ विंडोजवर आला. २००४ साली निंटेंडोच्या गेमक्यूबसाठी द ट्विन स्नेक्स या नावाने तो नव्याने बांधला गेला. त्यात मँटिस मारिओसारख्या निंटेंडोच्या खेळांच्या नोंदी वाचतो. ही आवृत्ती दिसायला सरस असली, तरी २००१ च्या मेटल गिअर सॉलिड २ मधली डोळ्यांच्या रेषेतून नेम धरण्याची सोय तिच्यात आणली आणि खोल्या मात्र जुन्याच ठेवल्या. परिणामी ज्या शत्रूंपुढे पूर्वी घाम फुटे ते लांबूनच आटोपता येतात. नवी सोय जुन्या घरात बसवली की घराचे माप चुकते, ते इथे स्पष्ट दिसते. २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिक या छोट्या कन्सोलवर मूळ खेळ होता. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मास्टर कलेक्शनमध्येही मूळ खेळच ठेवून कंट्रोलरची खाच बदलण्याची युक्ती मेनूत नेली आहे. वाकून टीव्हीपुढच्या यंत्राची वायर उपसण्याऐवजी मेनूतली एक ओळ निवडायची. कोडे सुटते, दरोडा घातल्याचा आनंद जातो.

आज खेळताना सर्वांत आधी खटकतात ते चेहरे. पात्रांना डोळे असे नाहीतच, डोळ्यांच्या जागी सावलीचे डाग आहेत, आणि बोलणारा माणूस ओठांऐवजी मान हलवतो. जुन्या काचेच्या टीव्हीवर हे सारे धुरकट होऊन खपून जाई. स्वच्छ पडद्यावर मोठे करून पाहिले की उघडे पडते. पण त्याच काळातल्या अनेक खेळांनी कथेसाठी आधी तयार करून ठेवलेल्या गुळगुळीत चित्रफिती वापरल्या, तर इथे जवळजवळ सगळे प्रसंग खेळातल्याच आकृत्यांनी, त्याच क्षणी रंगवलेले आहेत. म्हणून खेळणे आणि पाहणे यांत शिवण दिसत नाही, आणि त्या चित्रफितींपेक्षा हे जास्त टिकले आहे.

पहारेकऱ्यांची दृष्टी फारच अधू आहे. पडद्याच्या एका टोकाला स्नेक उघडा उभा असला तरी दुसऱ्या टोकाचा पहारेकरी निवांत जांभई देतो. शिवाय खेळाडूचे डोळे जगावर कमी आणि कोपऱ्यातल्या रडारवरच जास्त खिळलेले असतात. सर्वांत अवघड पातळीवर रडार काढून घेतले जाते तेव्हा कळते की बेटाकडे आपण पाहिलेच नव्हते. एका रायफलसाठी अर्धे बेट मागे तुडवत जाणे आणि किल्ली तापवायला व गारठवायला पुन्हा त्याच वाटा धरणे हे तेव्हाही कंटाळवाणे होते. नाओमी, रेडिओवरची सहकारी मेई लिंग आणि मेरिल यांच्याशी स्नेक ज्या लगटीने बोलतो, ते ऐकताना आज अवघडायला होते. याउलट अण्वस्त्रांवरची रेडिओवरची लांबलचक भाषणे, जी पूर्वी बटण दाबून उडवली जात, ती आता ऐकावीशी वाटतात. शेवटी पडद्यावर अण्वस्त्रकपातीच्या स्टार्ट-२ कराराचा उल्लेख येतो. तो करार कधी अमलातच आला नाही. रशिया २००२ साली त्यातून बाहेर पडली.

पुन्हा खेळण्याची तयारी कोजिमा यांनी खेळातच करून ठेवली होती. पहिल्यांदा पुरा केला की शेवटानुसार एकतर अदृश्य करणारा पोशाख मिळतो, नाहीतर गोळ्या कधीच न संपू देणारी डोक्याची पट्टी. दोन्ही शेवट पाहिलेल्याला तिसऱ्या फेरीत स्नेक थेट टक्सिडो हा समारंभी सूट घालून भेटतो. पण दुसऱ्या फेरीतला मोठा बदल खेळाडूमध्येच झालेला असतो. गस्तीच्या वाटा पाठ असल्या की भीती उरत नाही, राहते ती चालीची अचूकता.

मालिकेने स्वतःही या बेटाकडे मागे वळून पाहिले. २००१ च्या मेटल गिअर सॉलिड २ चे कथानक शॅडो मोझेसच्या घटना मुद्दाम पुन्हा घडवण्यावरच बेतलेले आहे. २००८ साली प्लेस्टेशन ३ वर आलेल्या मेटल गिअर सॉलिड ४ मध्ये अकाली म्हातारा झालेला स्नेक त्या बेटावर परततो. सुरुवात १९९८ च्या ओबडधोबड चित्रांतल्या स्वप्नाने होते. मग डोळे उघडतात तो बर्फाने भरलेले, माणूस नसलेले तेच आवार. ज्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याला चुकवायला पूर्वी सरपटावे लागे, तो कॅमेरा आता गंजून आपसूक खाली पडतो. वाटेत मित्र ओटाकॉन सवयीने डिस्क बदलायला सांगतो आणि मग त्याच्या लक्षात येते की सारा खेळ ब्लू-रे या जास्त साठवणाऱ्या एकाच डिस्कवर असल्याने दुसरी डिस्कच नाही. पुढे सायको मँटिसचे भूत येते आणि खेळाडूचे मन वाचायला जाते, तर त्या यंत्राला मेमरी कार्डच नसते. गडबडलेला मँटिस कंट्रोलर जमिनीवर ठेवायला सांगतो. प्लेस्टेशन ३ सोबत सुरुवातीला आलेल्या कंट्रोलरमध्ये कंपनाची मोटर नव्हती. तो ठेवला असेल तर काहीच हलत नाही आणि मँटिस हताश होतो. नवा, मोटर असलेला कंट्रोलर असेल तर तो जमिनीवर थरथरतो आणि भूत आनंदाने ओरडते.