पांढऱ्या केसांची साक्ष

'माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत' असे मराठीत ज्या ठसक्याने म्हटले जाते, त्याच ठसक्याने 'साठी बुद्धी नाठी' असेही म्हटले जाते. गंमत अशी की पहिले वाक्य साठीतला माणूस स्वतःविषयी वापरतो आणि दुसरे इतर जण त्याच्या पाठीमागे त्याच्याविषयी वापरतात. वयाने माणूस शहाणा होतो की त्याची बुद्धी मंदावते, या प्रश्नावर भाषेने असा दोन्ही बाजूंनी कौल देऊन ठेवला आहे. मानसशास्त्राने गेल्या सत्तरेक वर्षांत या दोन्ही म्हणींची उलटतपासणी केली, आणि तिच्यातून जे हाती आले ते 'दोन्ही थोडे थोडे खरे' इतके मिळमिळीत नाही. काही गोष्टी वय खरोखरच शिकवते, पण ज्यांना आपण अनुभवाचे बोल म्हणतो त्यांपेक्षा त्या बऱ्याच निराळ्या आहेत. आणि ज्याला आपण शहाणपण म्हणतो ते वय झाले म्हणून आपसूक पदरात पडत नाही.

पहिली ठेच मोजमापातच लागली. विशीतली काही माणसे आणि सत्तरीतली काही माणसे एकाच चाचणीला बसवली की तरुणांचे गुण ठळकपणे वरचढ येतात, आणि अशाच आलेखांवरून एके काळी तरुणपण सरताच बुद्धीला उतरती कळा लागते असे मानले जाई. पण या दोन गटांत केवळ वयाचे अंतर नसते. त्यांचे शालेय शिक्षण, बालपणीचे पोषण, चाचण्या देण्याची सवय हे सगळेच वेगळे असते. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे सुरू केलेल्या अभ्यासात तीच माणसे दर ७ वर्षांनी पुन्हा तपासली, तेव्हा चित्र पालटले. बहुतेक बौद्धिक क्षमता साठीच्या आसपास येईपर्यंत लक्षात येण्याजोग्या घटत नव्हत्या, आणि आधीच्या आलेखांतली बरीचशी उतरण ही पिढ्यांमधली तफावत होती. म्हणजे म्हण रचणाऱ्याने धरलेली साठी त्या जुन्या आलेखांपेक्षा सत्याच्या जवळ होती, हे आपले जाता जाता.

शिवाय बुद्धी ही काही एकच एक वस्तू नाही. रेमंड कॅटेल यांनी तिचे दोन भाग पाडले: अनोळखी कोडे तिथल्या तिथे सोडवणारी प्रवाही बुद्धी, आणि शब्द, माहिती, रीती यांच्या साठ्यावर चालणारी संचित बुद्धी. जोशुआ हार्टशोर्न आणि लॉरा जर्मीन यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यात सुमारे ५०,००० जणांनी ऑनलाइन चाचण्या दिल्या होत्या, प्रत्येक क्षमतेचा भराचा काळ वेगळ्या वयात असल्याचे दिसले. माहिती हाताळण्याचा निव्वळ वेग अठरा-एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास शिखरावर असतो, केवळ डोळ्यांचे छायाचित्र पाहून समोरच्याची मनःस्थिती ओळखण्याचे कौशल्य चाळिशी-पन्नाशीत, तर शब्दसंपत्ती साठी ओलांडल्यानंतरही वाढत राहते. सगळेच एकदम जोरात असते असे वय कोणाच्याच वाट्याला येत नाही.

हा साठा वेगाची भरपाई कशी करतो, हे टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, टंकलेखकांवरील प्रयोगांत फार सुरेख दिसते. त्यांनी १९ ते ७२ वर्षे वयाचे टंकलेखक घेतले. पडद्यावर खूण दिसताच कळ दाबण्याची साधी परीक्षा घेतली, तर वय वाढेल तसा प्रतिसाद हमखास मंद होत होता. त्याच माणसांना मजकूर टंकायला दिला, तर वयस्करांचा वेग तरुणांच्या तोडीस तोड होता. प्रत्येक बोट जर उशिरा हलते, तर एकूण काम वेळेवर कसे होते? सॉल्टहाउस यांनी मग पुढचा मजकूर झाकायला सुरुवात केली, आधी थोडा, मग आणखी, इतका की शेवटी टंकायच्या अक्षरापलीकडे जवळजवळ काहीच दिसू नये. वयस्करांचा वेग तरुणांच्या आधीच पडू लागला, कारण त्यांचे डोळे बोटांच्या कितीतरी पुढे चालत होते. बोट एका अक्षरावर असताना नजर पुढच्या शब्दात पोहोचलेली असे आणि मंद हाताला तयारीला वेळ मिळे. त्यांना हे कोणी शिकवले नव्हते, आणि आपण असे काही करतो याचा पत्ता बहुधा त्यांना स्वतःलाही नसावा. 'अनुभव' हा शब्द आपण फार ढिलेपणाने वापरतो. इथे तो अक्षरांत मोजता आला.

हीच गोष्ट कोणी जाणूनबुजून करतो तेव्हा तिचे रूप कसे असते, यासाठी जर्मन मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचे उदाहरण देत. ऐंशीच्या घरातही आपले वादन कसे टिकले हे सांगताना रुबिनस्टाइन म्हणाले होते की ते मोजक्याच रचना वाजवतात, त्यांचा सराव अधिक करतात, आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम सावकाश वाजवतात, म्हणजे पुढचा भाग श्रोत्यांना आपोआप जलद वाटतो. यातली तिसरी युक्ती मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात थोडी लबाडी आहे.

कौशल्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वय ज्या बाबतीत काही शिकवते ती म्हणजे हळहळ. हॅम्बुर्ग येथील स्टेफनी ब्रासेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक खेळ वापरून तिचा माग काढला. पडद्यावर ८ पेट्या ओळीने मांडलेल्या असतात. त्यांपैकी ७ पेट्यांत सोने असते आणि एकीत सैतान. खेळाडू एकामागून एक पेटी उघडत जातो आणि दर वेळी ठरवतो की इथेच थांबून जमलेले सोने घ्यायचे की आणखी एक पेटी उघडायची. सैतान निघाला तर त्या डावातली सगळी कमाई जाते. खरा काटा पुढे आहे. खेळाडू थांबला की सैतान कुठे लपला होता हे त्याला दाखवले जाते, म्हणजे चार पेट्यांचे सोने घेऊन समाधानाने थांबलेल्या माणसाला कळते की आणखी तीन पेट्या सुरक्षित होत्या. त्याने गमावलेले काहीच नसते, तरी हातची संधी गेल्याची चुटपुट मात्र मनात राहते.

हा खेळ तीन गटांना दिला गेला: पंचविशीच्या आसपासचे तरुण, पासष्टीच्या आसपासची निरोगी माणसे, आणि त्याच वयाची पण उतारवयात नैराश्याने ग्रासलेली माणसे. हुकलेली संधी मोठी असली की तरुण पुढच्या डावात जास्त धोका पत्करत, जणू मागच्या डावाचे उट्टे काढायचे आहे. निरोगी ज्येष्ठांवर त्या संधीचा काहीच परिणाम होत नव्हता. पुढचा डाव ते पाटी कोरी असल्यासारखा खेळत. नैराश्यग्रस्त ज्येष्ठ मात्र अगदी तरुणांसारखे वागत होते. मेंदूच्या प्रतिमांतही बक्षिसाशी संबंधित भागात हाच फरक उमटला. ज्या गोष्टीला आता इलाज नाही ती मागे टाकणे हे निरोगी वार्धक्याचे लक्षण आहे, इतके यावरून म्हणता येते. ते कारण आहे की परिणाम, म्हणजे सोडून देता येते म्हणून मन निरोगी राहते की मन निरोगी आहे म्हणून सोडून देता येते, हे एका खेळातून ठरत नाही, आणि ते ठरल्याच्या थाटात कोणी सांगू लागले तर सावध राहावे.

ही सोडून देण्याची ताकद येते कुठून? स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मते तिचे मूळ सरलेल्या वर्षांपेक्षा उरलेल्या वर्षांत आहे. पुढे भरपूर काळ आहे असे वाटते तेव्हा माणूस नवी माहिती, नव्या ओळखी, पुढे उपयोगी पडेल असे काहीबाही गोळा करत सुटतो. काळ थोडा उरला असे जाणवले की तो आत्ताच अर्थ देणाऱ्या गोष्टींकडे वळतो. हे तपासायला त्यांच्या गटाने एक साधा प्रश्न विचारला: अर्धा तास मोकळा आहे, तो जवळच्या नातलगाबरोबर घालवाल, नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकाबरोबर, की ज्याच्याशी सूर जुळेल असे वाटते अशा नव्या ओळखीच्या माणसाबरोबर? ज्येष्ठांचा कल स्पष्टपणे नातलगाकडे होता, तरुणांची उत्तरे विखुरलेली होती. मग तरुणांना सांगितले की समजा, तुम्ही लवकरच एकटेच दूर राहायला जाणार आहात. त्यांची उत्तरे ज्येष्ठांसारखी झाली. ज्येष्ठांना सांगितले की समजा, वैद्यकशास्त्राच्या नव्या शोधामुळे तुम्हाला अनपेक्षितपणे २० वर्षे अधिक मिळणार आहेत. त्यांचा नातलगांकडचा कल मावळला.

कल्पनेतल्या प्रश्नांवर फार भिस्त ठेवू नये असे कोणाला वाटेल, पण हाँगकाँगमध्ये इतिहासानेच हा प्रयोग करून दाखवला. १९९७ मध्ये ब्रिटिश राजवट संपून ते शहर चीनकडे जाणार होते. हस्तांतराच्या वर्षभर आधी तिथे तरुण आणि ज्येष्ठ यांच्या आवडीतला नेहमीचा फरक दिसत होता. दोन महिने आधी, एक पर्व संपत असल्याचे वातावरण असताना, तरुणही ज्येष्ठांप्रमाणे आपल्या माणसांकडेच वळले. वर्षभराने फरक पूर्ववत झाला. वयाबरोबर येणारी म्हणून आपण जिची पाठ थोपटतो, त्या 'आपली माणसे महत्त्वाची' या शिकवणीचा बराचसा भाग असा घड्याळाकडे पाहण्याचा परिणाम आहे. ती विशीतही येऊ शकते, आणि सत्तरीतल्या माणसाकडून काढूनही घेता येते.

ती शिकवण चुकीची आहे असे मात्र नव्हे. १९३८ पासून हार्वर्डमध्ये चालू असलेल्या दीर्घ अभ्यासात, पन्नाशीत नात्यांबाबत समाधानी असलेली माणसे ऐंशीत अधिक निरोगी आढळली. मूळ गटातले सर्व ७२४ जण पुरुष आणि गोरे होते, ही त्या अभ्यासाची मर्यादा नेहमीच बरोबर सांगायला हवी.

मनाच्या या निवळण्याची किंमतही असते. उतारवयात लक्ष आणि स्मरण चांगल्या गोष्टींकडे झुकते हे अनेक प्रयोगांत दिसले आहे, आणि ऐकायला ते छानच वाटते. पण शेली टेलर यांच्या गटाने २०१२ मध्ये लोकांना विश्वासार्ह, तटस्थ आणि संशयास्पद दिसणारे चेहरे दाखवले, तेव्हा संशयास्पद चेहऱ्यांना ज्येष्ठांनी तरुणांपेक्षा बरेच अधिक विश्वासार्ह ठरवले. अशा वेळी पोटात गोळा आणून धोक्याची सूचना देण्याशी ज्याचा संबंध जोडला जातो, तो मेंदूतला इन्सुला हा भागही ज्येष्ठांमध्ये कमी सक्रिय होता. आयुष्यभर व्यवहार केलेली माणसे गोड बोलणाऱ्याच्या जाळ्यात सापडतात तेव्हा घरचे 'एवढे पावसाळे पाहून हे कसे कळले नाही' असे म्हणतात. राग सोडून द्यायला शिकलेले मन त्याच ओघात संशयही सोडून देत असावे, असे मला वाटते.

राहता राहिले शहाणपण. बाल्टेस आणि त्यांच्या बर्लिनमधील सहकाऱ्यांनी ते मोजण्याचे धाडस केले. एक प्रश्न असा: १५ वर्षांच्या मुलीला आत्ताच्या आत्ता लग्न करायचे आहे, काय विचारात घ्याल, काय कराल? 'छे, एवढ्या लहान वयात लग्न नाही' हे उत्तर कितीही बरोबर वाटले तरी त्याला गुण कमीच. ती कोणत्या समाजात वाढली, घरी काय परिस्थिती आहे, तिला कोणी आहे की नाही, ती दुर्धर आजारी तर नाही, आणि आपल्याला यातले काय माहीत नाही, हा विचार करणाऱ्याला गुण जास्त. विशीच्या मध्यापासून पंचाहत्तरीपर्यंत या गुणांचा वयाशी जवळपास संबंधच आढळला नाही. इगोर ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लोकांना सामाजिक तंटे आणि व्यक्तिगत भांडणे वाचायला देऊन पुढे काय होईल असे विचारले, तेव्हा मात्र ज्येष्ठ सरस ठरले. दुसऱ्याची बाजू पाहणे, तडजोड शोधणे, आपल्या माहितीची मर्यादा मान्य करणे यांत ते पुढे होते. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर इतकेच दिसते की अनुभव हा कच्चा माल आहे. त्यावर किती विचार केला गेला, हे केसांच्या रंगावरून कळत नाही.

ग्रॉसमन यांनीच ईथन क्रॉस यांच्यासह २०१४ मध्ये यातली एक जुनी गोम उघड केली. जोडीदाराने विश्वासघात केल्याची कल्पना करायला सांगितली, काहींना स्वतःच्या बाबतीत आणि काहींना मित्राच्या बाबतीत. मित्राविषयी लोक कितीतरी समंजसपणे विचार करत होते, स्वतःविषयी नाही. साठ ते ऐंशी वर्षांच्या लोकांतही हा फरक विशी-तिशीतल्यांइतकाच होता. स्वतःकडे तिऱ्हाइतासारखे पाहून, 'मी' ऐवजी 'तो' किंवा 'ती' म्हणून विचार करायला लावले की तो नाहीसा होई. चाळीस वर्षांच्या अनुभवाने जे साधले नव्हते ते एका सर्वनामाने साधले.

आणि आपले शिकून झाले आहे असे कधी वाटू लागते? जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांनी २०१३ मध्ये १९,००० हून अधिक लोकांची माहिती प्रसिद्ध केली. वये १८ ते ६८. काहींना गेल्या १० वर्षांत आपला स्वभाव, मूल्ये आणि आवडीनिवडी किती बदलल्या हे विचारले, काहींना पुढच्या १० वर्षांत किती बदलतील हे. मागे वळून पाहणाऱ्यांना बदल मोठा दिसला आणि पुढे पाहणाऱ्यांना किरकोळ, आणि हे तरुण, मध्यमवयीन, ज्येष्ठ अशा सर्वांच्या बाबतीत. अठराव्या वर्षी असे वाटणे समजण्यासारखे आहे. पण पन्नाशीतल्या माणसाने हा अंदाज स्वतःच्याच आयुष्यात तीनदा तरी चुकलेला पाहिलेला असतो, आणि चौथ्यांदाही तो तोच अंदाज बांधतो.