सुपरचार्जिंगसाठी मोटारीच्या इंजिनाची पूर्वतयारी

क्रँकशाफ्टकडून पट्ट्याने किंवा दंतचक्रांनी फिरवला जाणारा आणि वातावरणापेक्षा जास्त दाबाची हवा सिलिंडरांत भरणारा संपीडक म्हणजे सुपरचार्जर. पिस्टन खाली जाताना निर्माण होणाऱ्या ओढीवरच हवा घेणाऱ्या इंजिनाला असा संपीडक जोडण्यापूर्वी त्याच्या अंतर्गत भागांत आणि इंधन, प्रज्वलन, शीतन व वंगण या व्यवस्थांत जे फेरबदल करावे लागतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. ही तयारी म्हणजे इंजिन ‘मजबूत’ करणे, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अर्धाच खरा आहे. सुपरचार्ज केलेले पेट्रोल इंजिन निव्वळ दाबाने क्वचितच फुटते. ते बहुधा उष्णतेने, अपुऱ्या इंधनाने आणि त्यांतून उद्भवणाऱ्या नॉकिंगने, म्हणजे मिश्रणाच्या अनियंत्रित पेटण्याने, निकामी होते. त्यामुळे घडीव पिस्टन बसवले पण इंधनपंप जुनाच ठेवला, तर ती तयारी उलट्या क्रमाने केलेली ठरते.

या तंत्राचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल येथील फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये दोन पाळ्यांच्या फिरत्या हवापंपाचे पेटंट घेतले. त्यांचा हेतू औद्योगिक कामासाठी हवा पुरवण्याचा होता, मोटार तेव्हा अस्तित्वातच नव्हती. इंजिनात दाबाने हवा भरण्याच्या कल्पनेचे पेटंट गॉटलीब डाइमलर यांनी १८८५ मध्ये घेतले, आणि १९२१ मध्ये बर्लिनच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीजच्या सुपरचार्जर असलेल्या विक्रीयोग्य गाड्या मांडल्या गेल्या. पूर्वतयारीच्या दृष्टीने मात्र ब्रिटनमधील साडेचार लिटरच्या ‘ब्लोअर’ बेंटलीचे उदाहरण अधिक बोलके आहे. तिच्या रेडिएटरपुढे ॲम्हर्स्ट व्हिलियर्स यांनी रचलेला रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर बसवला होता, परंतु तेवढ्यावर काम भागले नाही. क्रँकशाफ्ट, पिस्टन आणि वंगणव्यवस्था या इंजिनासाठी वेगळी करावी लागली. खुद्द वॉल्टर ओवेन बेंटली यांचा या प्रयोगाला विरोध होता. शक्ती हवी असेल तर इंजिनाचे आकारमान वाढवावे, असे त्यांचे मत होते. हवा ढकलणारे यंत्र जोडणे सोपे आणि ती हवा पचवणारे इंजिन तयार करणे अवघड, ही गोष्ट तेव्हापासून बदललेली नाही.

उष्णतेचा हिशेब : हवा दाबली की तापते. बाहेरची हवा २७° से. असताना सुपरचार्जरने तिचा दाब वातावरणापेक्षा ०.५ बारने वाढवला, म्हणजे मूळच्या दीडपट केला, तर आदर्श संपीडनातही तिचे तापमान सुमारे ३७ अंशांनी वाढेल. संपीडकाची औष्णिक कार्यक्षमता ६० टक्के असेल तर ही वाढ ६१ अंशांच्या आसपास जाते आणि हवा ८८° से.ला सिलिंडरच्या दाराशी पोहोचते. दाब दीडपट झाला तरी तापल्यामुळे हवा विरळ होते, म्हणून प्रत्यक्षात मिळणारी हवा दीडपट नसून केवळ सव्वापट असते. तीच हवा इंटरकूलरमधून नेऊन ४५° से.पर्यंत थंड केली, तर वाटेतील दाबाची घट वगळता ती मूळच्या १.४ पट होते. म्हणजे इंटरकूलरमुळे शक्ती वाढते आणि इंजिनाचे संरक्षणही होते, कारण नॉकिंग होईल की नाही हे ठरवण्यात आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा वाटा फार मोठा असतो. दोन मळसूत्री रोटरांचे आणि अपकेंद्री संपीडक रूट्सपेक्षा सामान्यतः कमी तापतात, म्हणून संपीडकाची निवड हाही पूर्वतयारीचाच भाग मानावा लागतो.

नॉकिंग म्हणजे ठिणगीने सुरू झालेली ज्योत पोहोचण्याआधीच शिल्लक मिश्रणाने एकदम पेट घेणे. त्यातून उठणाऱ्या दाबलहरी पिस्टनच्या माथ्यावरचा उष्णतारोधक वायूचा पातळ थर फाडतात, धातू तापतो, रिंगांमधील कंगोरे तुटतात आणि बेअरिंगे ठेचली जातात. ठिणगीच्या आधीच एखाद्या तप्त ठिपक्यामुळे मिश्रण पेटणे, म्हणजे अकाली प्रज्वलन, हा वेगळा आणि अधिक घातक प्रकार आहे. त्यात काही सेकंदांतच पिस्टनला भोक पडू शकते. नॉकिंगचे पर्यवसान अनेकदा यात होते.

संपीडन गुणोत्तर : पिस्टन सर्वांत खाली असतानाचे सिलिंडरचे आकारमान आणि तो सर्वांत वर असतानाचे आकारमान यांचे प्रमाण म्हणजे संपीडन गुणोत्तर. साध्या श्वसनाच्या आधुनिक पेट्रोल इंजिनाचे ते १०:१ किंवा त्याहून जास्त असते. बाहेरून दाब देणार असल्यास ते ८.५:१ ते ९.५:१ या पट्ट्यात आणण्याची जुनी प्रथा आहे. त्यासाठी मूळ गुणोत्तराला दाबाच्या पटीने गुणून ‘परिणामी गुणोत्तर’ काढण्याची रीत प्रचलित आहे. परंतु ती ढोबळ आहे. १०:१ च्या इंजिनाला ०.५ बार दिला तर या रीतीने १५:१ असे उत्तर येते आणि असे इंजिन साध्या पेट्रोलवर चालूच नये. प्रत्यक्षात इंटरकूलर आणि मागे घेतलेले टायमिंग, म्हणजे थोडी उशिरा उडणारी ठिणगी, असेल तर ते चालते. शिवाय गुणोत्तर कमी करण्याची किंमत मोजावी लागते. पेट्रोल इंजिनाच्या आदर्श (ऑटो) चक्राची कार्यक्षमता १०:१ ला सुमारे ६० टक्के, तर ८.५:१ ला ५७.५ टक्के येते, आणि दाब चढलेला नसताना गाडी सुस्त वाटते. त्यामुळे ०.३ ते ०.४ बारच्या सौम्य दाबासाठी मूळचे गुणोत्तर तसेच ठेवून इंधन आणि टायमिंगवर लक्ष देणे हे अनेकदा शहाणपणाचे असते. सिलिंडरमध्येच इंधन फवारणाऱ्या इंजिनांत बाष्पीभवनाने मिश्रण थंड होत असल्यामुळे आणखी सवलत मिळते.

गुणोत्तर कमी करायचेच असेल तर खोलगट माथ्याचे पिस्टन वापरावेत. जाड हेड गॅस्केट घालण्याचा स्वस्त उपाय टाळलेला बरा, कारण पिस्टनचा सपाट काठ आणि हेड यांच्यातील साधारण एक मिलिमीटरची फट वाढली की त्या जागेत होणारी मिश्रणाची घुसळण मंदावते आणि ज्या नॉकिंगला टाळायचे, तेच वाढते.

पिस्टन, रिंगा आणि रॉड : ओतीव पिस्टन सौम्य दाब सहन करतात, मात्र नॉकिंगचा एखादा झटका बसला तर ते तडकतात. घडीव पिस्टन असा झटका काही काळ सोसून चूक सुधारण्याची संधी देतात. त्यांसाठी ॲल्युमिनियमच्या दोन मिश्रधातूंचा वापर रूढ आहे. सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेला ४०३२ हा तापल्यावर कमी प्रसरण पावतो आणि रोजच्या वापराला सोयीचा असतो. अत्यल्प सिलिकॉनचा २६१८ अधिक चिवट असतो, पण जास्त फुगतो, म्हणून त्याला सिलिंडरमध्ये जास्त मोकळीक द्यावी लागते आणि इंजिन थंड असताना पिस्टनची खडखड ऐकू येते.

रिंगच्या टोकांमधील फट ही दिसायला किरकोळ, परंतु अनेक इंजिनांचा निकाल लावणारी बाब आहे. ८६ मिमी बोअरच्या सिलिंडरात साध्या इंजिनाला वरच्या रिंगेची फट सुमारे ०.३५ मिमी पुरते. सुपरचार्जर लावल्यावर रिंग अधिक तापते व लांबते, म्हणून ती ०.४५ ते ०.५ मिमीपर्यंत घासून वाढवतात. फट अपुरी राहिली तर रिंगेची टोके एकमेकांना भिडतात, रिंग सिलिंडरमध्ये रुतते आणि पिस्टनचा वरचा भाग उखडला जातो. अशा वेळी दोष पिस्टनला दिला जातो, हे अन्यायाचे आहे.

कनेक्टिंग रॉडच्या बाबतीत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. रॉड आणि त्याचे बोल्ट यांवरचा सर्वांत घातक ताण ओढीचा असतो; तो उत्सर्जन स्ट्रोकच्या शेवटी पिस्टनच्या जडत्वामुळे येतो आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे मिनिटाला ६,००० वरून ७,००० केले तर हा ताण ३६ टक्क्यांनी वाढतो, पण फेरे तेवढेच ठेवून ०.५ बार दाब दिला तर तो जवळपास वाढतच नाही. वाढतो तो दाबण्याचा भार. म्हणून मूळ रॉड चांगल्या प्रतीचे असतील आणि फेऱ्यांची मर्यादा पूर्वीचीच राहणार असेल, तर मध्यम दाबापर्यंत ते बदलण्याची निकड नसते. शक्ती मोठ्या प्रमाणात वाढवायची असल्यास मात्र घडीव पोलादी रॉड आणि उच्च प्रतीचे बोल्ट घालावेत.

हेड आणि गॅस्केट : ८६ मिमी व्यासाच्या पिस्टनवर ज्वलनाचा शिखर दाब ८० बार धरला, तर हेडला वर ढकलणारे बल ४६ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टनांहून अधिक वजनाइतके भरते. हेड क्षणभर किंचित उचलले गेले तरी वायू शीतनपाण्यात घुसतो. यावर उपाय म्हणून अनेक पदरी पोलादी गॅस्केट आणि मूळ ताणबोल्टांऐवजी स्टड वापरतात. असे गॅस्केट बसवताना ब्लॉक आणि हेड या दोहोंचे पृष्ठ सपाट व गुळगुळीत करून घ्यावे लागते, अन्यथा महागडे गॅस्केटही झिरपते.

झडपा आणि कॅमशाफ्ट : साध्या श्वसनाच्या शर्यती इंजिनात दोन्ही झडपा काही काळ एकत्र उघड्या ठेवून बाहेर जाणाऱ्या वायूच्या ओढीचा फायदा घेतात. सुपरचार्जर असताना त्याच अवधीत ताजे मिश्रण थेट सायलेन्सरच्या वाटेने निघून जाते. म्हणून असा कॅम काढून ११२ ते ११६ अंशांच्या रुंद लोब-अंतराचा (म्हणजे दोन झडपा उघडणाऱ्या उंचवट्यांत जास्त अंतर असलेला) आणि उत्सर्जन झडप थोडी अधिक काळ उघडी ठेवणारा कॅम घालतात. शर्यतीसाठी आधीच बदललेल्या इंजिनावर सुपरचार्जर लावला की अपेक्षेइतका दाब दिसत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. अंतर्ग्रहण झडपेच्या पाठीवर येणारा दाब तिला उघडण्याच्या दिशेने ढकलतो. ३४ मिमीच्या झडपेवर ०.५ बारचे बल सुमारे ४५ न्यूटन होते, आणि तेवढा जोर झडपेच्या स्प्रिंगमध्ये जास्तीचा ठेवावा लागतो. उत्सर्जन झडपा अधिक तापत असल्यामुळे उष्णता सहन करणाऱ्या मिश्रधातूच्या किंवा पोकळ दांड्यात सोडियम भरलेल्या झडपा पसंत केल्या जातात.

इंधन आणि प्रज्वलन : पेट्रोलचे रासायनिक दृष्ट्या नेमके मिश्रण वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग इंधन असे असते. दाबाखाली पूर्ण भारावर ते ११.५ ते १२ पर्यंत दाट ठेवतात, कारण जादा इंधन बाष्प होताना उष्णता शोषते. दर अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल धरले तर २०० अश्वशक्तीच्या चार सिलिंडरी इंजिनाला ताशी सुमारे ५४ किलोग्रॅम इंधन लागेल. इंजेक्टर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच राबवायचा, या नियमाने प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला सुमारे ३८० घनसेंमी देणारा हवा. पंप, फिल्टर आणि नळ्या यांची क्षमताही याच हिशेबाने तपासावी लागते. ज्या फेऱ्यांना इंधनाचा दाब कोसळतो, तिथेच पिस्टन वितळतो.

इंजिनाच्या मूळ इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाचा दाबसंवेदक निर्वातापासून मोजलेला दाब बहुधा एक बारपर्यंत, म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबापर्यंतच, मोजतो. त्यापुढचा दाब त्याला दिसतच नाही आणि तो त्यानुसार इंधन वाढवत नाही, म्हणून दोन किंवा तीन बारचा संवेदक आणि त्याला अनुरूप इंधन व टायमिंगचा नवा तक्ता (नकाशा) आवश्यक ठरतो. जास्त दाबाखालच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टता लागते, त्यामुळे प्लगची फट १.१ मिमीवरून ०.७ ते ०.८ मिमीवर आणतात आणि प्लग एक-दोन पायऱ्या थंड, म्हणजे उष्णता लवकर वाहून नेणारे, निवडतात. टायमिंग किती मागे घ्यायचे हे दहनकक्षाच्या आकारावर अवलंबून असल्याने तक्त्यावरून ठरवू नये.

काही भाग लहान असल्यामुळे विसरले जातात. क्रँककेसमधील वायू अंतर्ग्रहण नळीत परत नेणारी वाट आता उलटी होते, कारण त्या नळीत निर्वाताऐवजी दाब असतो. तिथे एकदिशा झडप नसेल तर दाब क्रँककेसमध्ये शिरून सील फोडतो आणि तेल बाहेर फेकतो. ब्रेकच्या सर्व्होला निर्वात पुरवणारी नळीही तपासली पाहिजे. अर्धवट थ्रॉटलवर जादा हवा परत फिरवणारी बायपास झडप नसेल, तर इंजिन विनाकारण तापते आणि इंधन जास्त जाळते.

पट्ट्याचा भार ही सुपरचार्जरची खास अडचण आहे. उत्सर्जन वायूवर चालणाऱ्या टर्बोचार्जरमध्ये ती उद्भवत नाही. संपीडक फिरवण्याची शक्ती क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाकडून घेतली जाते, त्यामुळे तिथली चावी, पुली आणि पहिले मुख्य बेअरिंग यांवर बाजूने सतत ओढ बसते. अधिक खाचांचा रुंद पट्टा, मजबूत ताणक आणि पिनने पक्की केलेली पुली यांची योजना त्यासाठी करतात.

हे सर्व ज्या इंजिनावर करायचे, ते मुळात निरोगी असले पाहिजे. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा संपीडन दाब मोजतात आणि दाबाखालील हवेची गळती तपासतात. सिलिंडरांमध्ये मोठी तफावत आढळली तर इंजिन खोलण्यावाचून पर्याय नसतो. बांधणीनंतर नव्या रिंगा बसेपर्यंत इंजिन हलक्या भारावर चालवतात. मग डायनोवर (शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर), मिश्रणाचे प्रमाण दाखवणाऱ्या रुंद पल्ल्याच्या ऑक्सिजन संवेदकावर नजर ठेवून, मोठ्या पुलीने कमी दाबापासून सुरुवात करून पायरीपायरीने दाब वाढवतात. प्रत्येक पायरीनंतर प्लग काढून भिंगाखाली पाहण्याची जुनी पद्धत संगणकाच्या काळातही सोडलेली नाही. चिनी मातीवर काळे ठिपके किंवा ॲल्युमिनियमचे चमकते कण दिसले, तर पिस्टनचा माथा झिजू लागलेला असतो. तेव्हा दाब उतरवून टायमिंग आणि मिश्रण पुन्हा पहिल्यापासून तपासतात.